ध्रुवावरच्या आत्याबाई

दाढीत बर्फाचे खडे, थंडीनं काळवंडलेलं नाक, बगलेत मेणकापडात गुंडाळलेली वही. असा एखादा गृहस्थ गलबताच्या कठड्याला टेकून एखाद्या निनावी डोंगराकडे बघताना दिसला, की खुशाल समजावं, आता बारसं होणार. आपल्याकडे बाळाचं नाव ठेवायचा मान आत्याचा. अंटार्क्टिकातल्या डोंगरांना ना आई, ना बाप, ना गाव. कोट्यवधी वर्षं बिचारे बिनबारशाचे उभे होते. तेव्हा या गृहस्थानं तो मान परभारे स्वतःकडे घेतला. म्हणून मी त्यांना आत्याबाई म्हणतो. मिशा आहेत, पण इलाज नाही. तोरा तोच, घाई तीच, आणि नाव ठरवताना बाळाच्या तोंडाकडे न बघता जमलेल्या पाहुण्यांच्या तोंडाकडे बघायची सवयही तीच.

आत्याबाई एका जन्मात मावणाऱ्या नव्हेत. १८१८ साली त्या ब्रिटिश नौदलाच्या निळ्या कोटात होत्या, १९११ साली कातड्याच्या अंगरख्यात, १९३४ साली विमानात, आणि हल्ली त्या कचेरीत बसतात. कोट बदलत गेला. नजर मात्र कायम मागे, घराकडे. पुढचा डोंगर काळा आहे की पांढरा, सुळका आहे की सपाट, हे त्या नंतर बघतात. आधी बघतात ते पैसे कोणी दिले, बढती कोणाच्या हातात आहे आणि लग्न कोणाच्या मुलीशी ठरवायचं आहे.

त्यांचा सगळ्यात देखणा अवतार म्हणजे जेम्स क्लार्क रॉस. देखणा हे मी उगीच म्हणत नाही, नौदलातला सर्वांत रुबाबदार अधिकारी म्हणून त्याची ख्याती होती. ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ ही दोन गलबतं घेऊन १८४१ च्या जानेवारीत तो बर्फ फोडत दक्षिणेत शिरला, तर समोर समुद्रातून थेट वर चढलेली पर्वतांची रांगच रांग. दुसऱ्या कोणाचं भान हरपलं असतं. आत्याबाईंचं शाबूत होतं. पहिल्याप्रथम राणीला जमीन दिली, व्हिक्टोरिया लँड. मग ज्या खात्याकडून पगार यायचा त्या खात्याला अख्खी रांग, ॲडमिरल्टी रांग. त्या रांगेतलं चार हजार मीटरच्या वरचं एक शिखर खात्याचा मुख्य लॉर्ड जो अर्ल ऑफ मिंटो, त्याला. खात्याच्या बाकीच्या लॉर्डांनाही एकेक. पंतप्रधान लॉर्ड मेलबर्न यांना चांगला ज्वालामुखी. मिंटो हे नाव आपल्याला शाळेपासून ओळखीचं. या मिंटोचे वडील हिंदुस्थानचे गव्हर्नर जनरल होते आणि नातू व्हाइसरॉय झाला, तोच तो मोर्ले-मिंटो सुधारणांतला. म्हणजे घराण्याच्या वाट्याला इकडे आपण आलो आणि तिकडे बर्फ.

इतकं सगळं जिथल्या तिथं झालं, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लंडनमध्ये मेलबर्नचं सरकार पडलं. मिंटो घरी गेला. त्याच्या खुर्चीवर अर्ल ऑफ हॅडिंग्टन आला. आता शिखरावरचं नाव खोडता येत नाही. पण आत्याबाई कुठं अडून बसतात! १८४२ च्या अखेरीस खंडाच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक भलामोठा पर्वत दिसला, त्याचं नाव बिनबोभाट माउंट हॅडिंग्टन ठेवलं गेलं.

याच सफरीत एक बेट लागलं. नकाशा जवळ घेऊन बघण्यासारखं आहे ते. लांबट, कड्यांनी वेढलेलं, नाव कुलमन बेट. त्याच्या दक्षिणेच्या टोकाचं नाव केप ॲन. ॲन कुलमन ही रॉसची वाग्दत्त वधू, आणि थॉमस कुलमन हे तिचे वडील, ज्यांना असला वर्षानुवर्षं बर्फात राहणारा जावई फारसा पसंत नव्हता. मुलीला टोक आणि सासरेबुवांना अख्खं बेट, ही वाटणी करणारा माणूस हिशेबात कच्चा म्हणता येणार नाही. लग्न १८४३ साली झालं.

न्यायानं बोलायचं तर या साऱ्या बारशांत बाळाला शोभून दिसलेलं नाव एकच. बर्फाच्या मैदानात धूर ओकत उभ्या असलेल्या ३७९४ मीटर उंचीच्या ज्वालामुखीला रॉसनं आपल्या जहाजाचं नाव दिलं, एरेबस. ग्रीक पुराणातला पाताळाचा अंधार. पण तेही डोंगर बघून सुचलेलं नाही. जहाज आधीच त्या नावाचं होतं आणि जहाजाकडून बढती मिळत नाही, एवढंच काय ते त्या नावाचं निष्कलंकपण.

इथं या घराण्याची एक जुनी व्यथा सांगायला हवी. जेम्सचे काका जॉन रॉस. हेही आत्याबाईच. १८१८ साली अटलांटिकमधून उत्तरेच्या बाजूनं पॅसिफिककडे जाणारा मार्ग शोधत ते कॅनडाच्या उत्तरेला लँकेस्टर सामुद्रधुनीत शिरले. पुढं बघतात तर वाट अडवून पर्वतरांग उभी. काकांनी तिथल्या तिथं तिचं बारसं उरकलं. नौदल खात्याचे सचिव जॉन विल्सन क्रोकर यांच्या नावे क्रोकर पर्वत. आणि जहाज वळवून घरी आले. दुसऱ्या जहाजावर पॅरी नावाचा अधिकारी होता, त्याला काही पर्वत दिसले नव्हते. पुढच्याच वर्षी तो आपली जहाजं घेऊन आला आणि क्रोकर पर्वताच्या आरपार शिडं फुगवून निघून गेला. सचिवसाहेबांच्या नावावर आता पाणी होतं. अठरा-एकोणीस वर्षांचा पुतण्या जेम्स दोन्ही सफरींत हजर. काकांची फजिती त्यानं याचि देही याचि डोळा पाहिली.

शहाणा माणूस यातून काय शिकला असता? पुतण्याही शिकला, पण भलतंच. १८४१ साली एरेबसच्या पलीकडे दक्षिणेला त्याला उंच पर्वतांची रांग दिसली. काकांचे पर्वत ज्यानं पुसले त्या पॅरीचं नाव त्यानं मोठ्या आदरानं तिला दिलं, पॅरी पर्वत. साठ वर्षं ते नकाशावर होते. १९०२ नंतर ब्रिटिश संशोधक स्कॉटची माणसं स्लेज ओढत त्या बाजूला गेली. तिथं पॅरी पर्वत नव्हते. सपाट बर्फ होता.

दोष डोळ्यांचा नाही, हवेचा. बर्फालगतची हवा अतिगार आणि तिच्या वरची त्यामानानं उबदार असली, की दूरवरून येणारा प्रकाश सरळ न येता वाकतो. क्षितिजावरचे साधे उंचवटे ताणले जातात, त्यांचे कडे होतात, कड्यांना सुळके फुटतात, मधे दऱ्यासुद्धा दिसतात. ध्रुवाकडे हे नेहमीचं आहे. फक्त आत्याबाईंना एक खोड अशी की दिसलं की नाव ठेवायचं, आणि नाव ठेवलं की ते आहेच असं मानायचं.

अमेरिकन संशोधक रॉबर्ट पिअरी तर त्यांच्याही पुढचा. १९०६ साली कॅनडाच्या उत्तर टोकावरच्या एका भूशिरावर तो चढला आणि वायव्येला त्याला, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, बर्फाच्छादित शिखरांचा नवा मुलूख दिसला. त्यानं त्याचं नाव ठेवलं क्रॉकर लँड. हा क्रॉकर वेगळा, सान फ्रान्सिस्कोचा सावकार, मोहिमेला पन्नास हजार डॉलर देणारा. पिअरीच्या त्या दिवसांच्या रोजनिशीत या मुलखाचा पत्ता नाही, पुढच्या वर्षी छापलेल्या पुस्तकात मात्र तो आहे. १९१३ साली हा मुलूख हुडकायला डोनाल्ड मॅकमिलनची मोहीम निघाली. दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये गोठलेल्या समुद्रावरून चालत असताना एका सकाळी तो खरोखर समोर आला, टेकड्या, खोरी, शिखरं, सगळं. बरोबरच्या पिउगात्तोक नावाच्या इन्युइट शिकाऱ्यानं सांगितलं, ते धुकं आहे. मंडळी तरीही चालत राहिली. सूर्य सरकला तसा मुलूखही सरकला, आणि शेवटी उरला तो गोठलेला समुद्र. शंभर वर्षांच्या आत एक क्रोकर आणि एक क्रॉकर, दोघांच्याही नावे हवेतले डोंगर. कोणी कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकानं यातला एक काढायला लावला असता.

बरं, पिअरी ज्या भूशिरावर उभा होता ते कोणाचं? थॉमस हबर्डचं, जो पुढं पिअरीच्याच क्लबाचा अध्यक्ष झाला. आणि ते भूशिर ज्या बेटावर आहे ते? ॲक्सेल हायबर्गचं. इथं आपण एका फार मोलाच्या गोष्टीपाशी येतो. ऑटो स्वेर्ड्रप नावाच्या नॉर्वेजियन आत्याबाई १८९८ ते १९०२ या काळात त्या भागात होत्या. त्यांनी तीन मोठ्या बेटांना नावं दिली ती ॲक्सेल हायबर्ग, आमुंड रिंगनेस आणि एलेफ रिंगनेस यांची. तिघेही बीअरच्या धंद्यातले. रिंगनेस बीअर आजही नॉर्वेत मिळते. पुढं त्यांचाच देशबांधव अमुंडसेन दक्षिण ध्रुवाकडे निघाला तेव्हा पठारावर चढायची जी हिमनदी त्याला सापडली, तिचंही नाव ॲक्सेल हायबर्ग.

बीअर न पिणाऱ्यांचीही सोय आहे. ही हिमनदी ज्या पर्वतमालेत आहे, तिच्यातच पूर्वेकडे हॉर्लिक पर्वत आहेत. हॉर्लिक म्हणजे आपलेच हॉर्लिक्स, तापातून उठलेल्या मुलाला पेल्यातून देतात ते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातले विल्यम हॉर्लिक यांनी रिचर्ड बर्डच्या १९३३-३५ च्या अंटार्क्टिक मोहिमेला पैसे दिले. मोहिमेच्या एका विमानाला त्यांचं नाव मिळालं आणि मग पर्वतांनाही. त्यांच्या मुलीला, मेबेल सिडली यांना, वेगळा ज्वालामुखी मिळाला. अंटार्क्टिकातल्या ज्वालामुखींत सर्वांत उंच तोच. उत्तरेला बीअर आणि दक्षिणेला हॉर्लिक्स, दोन्ही बार्लीच्या माल्टपासून. ध्रुवीय भूगोल बार्लीवर उभा आहे असं कोणी म्हणालं तर मी भांडायला जाणार नाही.

याच बर्डनं १९२९ साली विमानातून काही डोंगर पाहिले आणि ते जॉन रॉकफेलर यांचे चिरंजीव, ज्यांनी भरघोस मदत केली होती, त्यांच्या नावे केले. हे रॉकफेलर पर्वत प्रत्यक्षात ठेंगणे, इतस्ततः विखुरलेले आणि जवळजवळ पूर्ण बर्फात बुडालेले आहेत. पाहणी करायला माणसं विमानानं तिथं उतरली, तर वादळानं विमानच उचलून फेकून दिलं. अमेरिकेतली सर्वांत मोठी थैली आणि सर्वांत बुटके डोंगर. चुकून झालं असावं.

आता कोणी म्हणेल, वर्गणीदारांची नावं दिली यात वाईट काय? मीही तेच म्हणतो. ग्लासगोचे पोलाद-कारखानदार विल्यम बिअर्डमोर हे ब्रिटिश संशोधक शॅकल्टनच्या सात हजार पौंडांच्या कर्जाला जामीन राहिले आणि त्यांना जवळपास दोनशे किलोमीटर लांबीची हिमनदी मिळाली. हा सरळ व्यवहार आहे. कुत्र्यांचं खाणं, रॉकेल, बूट, सगळ्याला पैसे पडतात, आणि डोंगर फुकट असतात. मला खटकतात ते राजेरजवाड्यांच्या नावांचे प्रसंग, कारण तिथं पैशाची लाजही नसते. १९०९ च्या जानेवारीत शॅकल्टन ध्रुवापासून शंभर मैलांच्या आत पोचून परत फिरला. जाताना त्या पठाराला त्यानं सातव्या एडवर्डचं नाव दिलं. १९११ च्या डिसेंबरात अमुंडसेन थेट ध्रुवावर पोचला आणि त्याच पठाराला त्यानं नॉर्वेच्या सातव्या हाकोनचं नाव दिलं. हाकोन हा एडवर्डचा जावई. पठारावर चढण्याआधी लागणाऱ्या पर्वतांना अमुंडसेननं नाव दिलं राणी मॉडचं, म्हणजे एडवर्डची मुलगी आणि हाकोनची बायको. जिथं एक झुडूपही उगवत नाही तिथं एकाच घराण्याचे सासरे, जावई आणि लेक आपापल्या मालमत्तेसह नांदू लागले.

पण याच अमुंडसेननं एक गोष्ट केली, तिच्यासाठी मी त्याला बरंच माफ करतो. बर्फाच्या मैदानाच्या कडेला एक लहानशी खडकाळ टेकडी होती. तिला त्यानं बेटीचं नाव दिलं. ही बेटी म्हणजे त्याच्या घरी कामाला असलेली, त्याला लहानाचं मोठं करणारी बाई. परतीच्या वाटेवर १९१२ च्या जानेवारीत त्या टेकडीवर त्यानं दगड रचून खूण केली आणि आत १७ लिटर रॉकेल आणि वीस काड्यापेट्या ठेवल्या, मागून येणाऱ्या कोणाच्या उपयोगी पडाव्यात म्हणून. १९२९ साली बर्डच्या मोहिमेतल्या भूशास्त्रज्ञांना ते सगळं जागच्या जागी सापडलं. राणी मॉडच्या पर्वतांचा कोणाला कधी काय उपयोग झाला ठाऊक नाही.

याच वाटेवर, हिमनदी चढून गेल्यावर, अमुंडसेननं चोवीस कुत्रे मारले. ज्यांनी सगळं सामान वर ओढून आणलं त्यांतलेच. त्या जागेला त्याच्या माणसांनी खाटिकखाना असं नाव दिलं. कोणा कुत्र्याचं नाव डोंगराला दिल्याचं मात्र दिसत नाही. पुढं अमेरिकेनं अंटार्क्टिकातल्या नावांसाठी सल्लागार समिती नेमली, तेव्हा तिच्या नियमांत तर स्पष्टच लिहिलं गेलं: वस्तूंची, स्लेजच्या कुत्र्यांची आणि पाळीव जनावरांची नावं विचारात घेतली जाणार नाहीत. नातलग आणि मित्र यांचीही नाहीत. जाहिरात करून नफा उठवू पाहणाऱ्या देणगीदारांचीही नाहीत. नियमांचा हा कागद वाचताना मला प्रत्येक कलमामागे एकेका आत्याबाईंचा चेहरा दिसतो.

समिती आल्यावर आत्याबाईंची दाढी गेली आणि चष्मा आला. आता मोहिमेचा प्रमुख असेल तर त्याला पर्वतरांग, मधल्या हुद्द्याचा असेल तर शिखर, आणि आचारी किंवा मेकॅनिक असेल तर खडक, अशी कोष्टकं आली. समित्यांना स्वतःचंही नाव नकाशावर असावंसं वाटणं साहजिक आहे, आणि एकीनं तर ते आधीच साधलं होतं. १९४० साली अमेरिकेच्या अंटार्क्टिक सेवेच्या विमानातून पाच प्रचंड ज्वालामुखींची एक ओळ दिसली. तिला नाव दिलं ते त्या सेवेच्या कार्यकारी समितीचंच, ‘एक्झिक्युटिव्ह कमिटी रेंज’. कार्यकारी समिती पर्वतरांग! हॉर्लिककन्येचा ज्वालामुखी याच ओळीतला, तो आधीचा. बाकीचे चार या कार्यकारी समितीच्या सभासदांत वाटले गेले. पृथ्वीच्या पाठीवर सभेचं इतिवृत्त दगडात उमटलेलं ठिकाण हे एकच असावं.

ब्रिटिश समितीची रीत निराळी. तिनं वाचनालय उघडलं आणि कपाटावरून नावं उतरवायला सुरुवात केली. अलेक्झांडर बेटावर बीथोवेन आणि बाख आहेत, डेबुसीच्या नावे उंचवटे आहेत. दुसरीकडे ‘मोबी डिक’मधलं पीक्वॉड जहाज, त्यावरचे स्टारबक, स्टब आणि फ्लास्क हे हिमनद्या होऊन पडले आहेत. मला हे आवडतं. निदान इथं कोणाला काही परत द्यायचं नव्हतं.

आपलं यात काय? आपल्या वाट्याला शेजार आला, तोही आयता. १९३८-३९ मध्ये जर्मनांची मोहीम विमानं उडवून गेली, बर्फावर स्वस्तिकाच्या खुणा असलेले ॲल्युमिनियमचे भाले टाकून गेली, आणि गोअरिंगच्या कचेरीतल्या व्होल्टाट नावाच्या ज्या अधिकाऱ्यानं मोहिमेचा पैसा उभा केला त्याच्या नावे अख्खे पर्वत ठेवून गेली. बर्फातून उघड्या पडलेल्या खडकाळ पट्ट्याला वैमानिक शिर्माखरचं नाव मिळालं. त्याच पट्ट्यावर १९८९ पासून आपलं ‘मैत्री’ स्थानक आहे. गोव्यात वास्कोला असलेल्या संस्थेतून दरवर्षी शास्त्रज्ञ तिकडे जातात आणि दक्षिणेला नाझी खजिनदाराचे पर्वत बघत दिवस काढतात. आपल्या आत्याबाईंनी तिथं डोंगरांचा हट्ट धरला नाही. स्थानकासमोरच्या तळ्याला त्यांनी ‘प्रियदर्शिनी’ हे नाव दिलं. तेव्हाचा भारत आठवणाऱ्या कोणालाही ते नाव कोणाचं, हे सांगायची गरज नाही, आणि ते का दिलं हेही.

सगळ्या देशांची मिळून जी एकत्र नामसूची निघाली आहे तिच्यात नावं तीस हजारांच्या वर आणि ठिकाणं वीस हजारांच्या आसपास, कारण एकाच डोंगराच्या कानात चार-चार आत्याबाईंनी वेगवेगळं कुर्र केलं आहे. दक्षिण अमेरिकेच्या दिशेनं गेलेल्या एका मोठ्या द्वीपकल्पाला अमेरिकन, ब्रिटिश, चिली आणि अर्जेंटिना यांची चार नावं होती. अखेर १९६४ साली अमेरिका आणि ब्रिटन दमून म्हणाले, नुसतं ‘अंटार्क्टिक द्वीपकल्प’ म्हणू. या गर्दीत अलीकडे सर्वांत उत्साही बल्गेरिया. त्यांचं नाम-मंडळ १९९४ साली स्थापन झालं. त्यांनी एका बेटावरच्या पर्वतांना आपल्या जुन्या आकाशदेवाचं, तांग्राचं, नाव दिलं. मंडळाचे प्रमुख लुबोमिर इव्हानोव हे गणिती, पण २००४-०५ साली ते स्वतः त्या पर्वतांत हिंडून, शिखर चढून मोजमाप करून आले. असं करणारी आत्या विरळा. पुढं नकाशे आणि उपग्रहांची छायाचित्रं घेऊन त्यांनी सेंटिनल रांगेतल्या उरल्यासुरल्या उंचवट्यांनाही बल्गेरियातल्या गावांची नावं लावून टाकली.

सेंटिनल रांगेचा शोध लागला तो २३ नोव्हेंबर १९३५ रोजी. लिंकन एल्सवर्थ हा अमेरिकन लक्षाधीश विमानातून अंटार्क्टिका ओलांडत होता. चालवत होता दुसरा, हॉलिक-केन्यन. आत्याबाई मागे बसून खिडकीतून बघत होत्या. बर्फाच्या सपाटीतून एकटीच उठलेली रांग दिसली. इथं वर्गणीदार कोणी नव्हता, पैसे स्वतःचेच. तेव्हा आत्याबाईंनी हात मोकळा सोडला आणि एक डौलदार शिखर बायकोला दिलं, मेरी लुईझ उल्मर हिला. उंची २७७५ मीटर. त्याच रांगेत दक्षिणेला, खंडातलं सर्वांत उंच शिखर उभं होतं. ते त्यांना दिसलंच नाही. ते १९५८ साली अमेरिकन नौदलाच्या विमानांना दिसलं, मग समिती बसली, आणि अंटार्क्टिकाच्या संशोधनाला सरकारी पैसा मिळवून देणारे जॉर्जियाचे खासदार कार्ल विन्सन यांच्याकडे ते गेलं. उंची ४८९२ मीटर. २००६ साली समिती पुन्हा बसली आणि तिनं ठरवलं की आजूबाजूचा सगळा डोंगर वेगळा आणि त्याचा माथा वेगळा, तेव्हा दोन्ही विन्सन. बायकोच्या शिखराचं नाव आज नकाशावर नुसतं माउंट उल्मर असं आहे. उल्मर हे तिचं माहेरचं आडनाव, म्हणजे हाही डोंगर शेवटी सासऱ्यांनाच गेला.